हातपंपाची नाडी



जव्हार-मोखाड्याचा पाऊस पाहिलेल्या माणसास, येथे चैत्र-वैशाखात पाण्यासाठी पायपीट होते, हे सांगून खरे वाटत नाही. परंतु काळ्या खडकाच्या उतारांवरून पाणी पडते तसेच निघून जाते, आणि पुढे पाड्याचा आधार म्हणजे विहीर अथवा हातपंप. तो बंद पडला, की भार बायकांवर व मुलींवर येतो. मग तो शाळेच्या हजेरीपटावरही उमटतो.

आज जागोजाग दिसणारा ‘इंडिया मार्क २’ पंप १९७०च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने घडला. त्याचे मूळ मात्र जालना व सोलापूर येथील मिशनच्या कारागिरांनी केलेल्या पंपांत आहे.

यंत्राचेही रोग्यासारखेच, लक्षणे विचारावी लागतात. पुष्कळ हापसल्यावर पाणी येत असेल, तर झडप गळत असावी. धार बारीक झाली असेल, तर सिलिंडरातील वॉशर झिजले असावेत. दांडा डगमगत असेल, तर बेअरिंग पाहावे. ही विचारसरणी संगणकास शिकविण्याचा प्रयत्न जुना आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९८०च्या दशकाच्या प्रारंभी एका अनुभवी अभियंत्याचे ज्ञान नियमांत उतरवून आगगाडीच्या डिझेल एंजिनांचे दोष शोधणारी प्रणाली केली. केनियातील क्वाले येथे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तर हातपंपांच्या दांड्यातच कंपमापक बसविले, व त्या थरथरीवरून पंपाची प्रकृती ओळखण्यास संगणकास शिकविले. आता मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्ता मराठीतून प्रश्नाचे उत्तर देते.

परंतु तिला ‘पंप बंद आहे’ एवढेच सांगितले, तर ती अनुमानांची लांबलचक यादी देईल, आणि तीही मोठ्या आत्मविश्वासाने! दांडा हलका लागतो व पाणी येत नाही, हे लक्षण तुटलेल्या सळईचे असू शकते, वा भूजल सिलिंडरखाली गेल्याचेही. धार महिनाभर क्षीण होत गेली, की एका रात्रीत थांबली, हे ज्याने पाहिले त्यानेच सांगावयाचे. निदान चुकले, तर मार्क २ चे नळ एकामागून एक वर काढण्याचा सारा खटाटोप व्यर्थ जातो, आणि बायका पुन्हा झऱ्याची वाट धरतात.

म्हणून चौथीच्या मुलांनी आठवड्यातून एकदा, कितव्या हापशास पाणी आले व किती हापशांत बादली भरली, हे वहीत तारखेनिशी लिहावे. घरच्या वारली बोलीत मूल जे सांगेल, ते गुरुजींनी प्रमाण मराठीतही नोंदवावे. यंत्रास ती बोली कितपत कळेल, याचा भरवसा नाही. दुरुस्तीचा माणूस आला, की वही आधी त्याच्या हाती द्यावी. मोबाईलचे उत्तर मागाहून दाखविले तरी चालेल.