देहदान केल्यावर पुढे काय होतं?

नेत्रदानावर आपण बचत गटात मोकळेपणी बोलतो. देहदानाचं नाव निघालं, की मात्र सगळ्या गप्प होतात. "चिरफाड करतात म्हणे, देहाची विटंबना होते," असं कुणीतरी हळूच म्हणतं. म्हणून तिथे नेमकं काय होतं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी शरीररचना शिकावी लागते. रक्तवाहिनी कुठून जाते, गर्भाशयाला लागून काय असतं, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. उद्या आपल्या लेकीसुनेचं सिझेरियन करणारा हात आधी इथे शिकतो.

देह मेडिकल कॉलेजात पोचला, की मांडीतल्या किंवा मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीतून फॉर्मेलिन घातलेलं पाणी अंगभर सोडतात. अंडं उकडल्यावर आतलं पातळ घट्ट होतं ना, तसंच काहीसं या औषधाने मांसाचं होतं. जंतू मरतात, कुजणं थांबतं. काही अवयव काचेच्या बरण्यांत ठेवतात. त्यांवर मुलांच्या कितीतरी तुकड्या शिकतात. १९७७ साली जर्मनीत गुंथर फॉन हागेन्स यांनी आणखी एक रीत काढली. अवयवातलं पाणी आणि चरबी काढून तिथे सिलिकॉनसारखं रसायन भरायचं. असा अवयव कोरडा राहतो, वास मारत नाही.

आणि मान? अनेक कॉलेजांत मुलं आधी शपथ घेतात, त्या देहाला पहिला गुरू मानतात. आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल २०१२ साली कानपुरात वारल्या, तेव्हा त्यांचाही देह तिथल्या मेडिकल कॉलेजला दिला गेला.

आता कामाचं. अर्ज जवळच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. मृत्यूनंतर डॉक्टरांचा दाखला घेऊन काही तासांतच देह पोचवावा लागतो. शवविच्छेदन झालेला किंवा एचआयव्ही, काविळीसारखा संसर्ग असलेला देह सहसा घेत नाहीत. डोळे दिले तरी देहदान होतं. डोळे मात्र सहा तासांच्या आत काढावे लागतात. गाडीची सोय कोण करणार, हे आधीच विचारून ठेवा.

नुसता अर्ज भरून भागत नाही. त्या वेळी आपण बोलायला नसतो; देह द्यायचा की नाही, हे घरचेच ठरवतात. एक भाऊ हो म्हणतो, दुसरा नाही, आणि तासावर तास जातात. विधी फोटो ठेवूनही करता येतात, पण ते कुणाला पटेल, कुणाला नाही.

तेव्हा बायांनो, तुमचं उत्तर हो असो की नाही, ते आजच घरात सगळ्यांसमोर सांगा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.