उपास बाईचे, मान पुरुषाचा
(शहापूर तालुक्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



"बायकांची जातच देवभोळी," असें पारावर बसून बोलणारे पुरुष आम्हीं पुष्कळ ऐकले. आज त्या बोलण्याची झडती घेऊं.

एका श्रावणी सोमवारीं आम्हीं वर्गांत विचारलें, आज उपास कोणाचा? वर झाले ते बहुतेक मुलींचेच हात. वटपौर्णिमा बाईची, हरताळकाही बाईचीच. त्या दिवशीं पाण्याचा घोटही वर्ज्य! धन्याला आयुष्य मिळावें म्हणून कारभारीण उपाशी राहते. पण तिला आयुष्य मिळावें म्हणून धन्यानें एक भाकर तरी सोडलेली कोणी पाहिली आहे काय? बायकोनें नवऱ्याला देव मानावें, मग नवऱ्यानें देवासारखें वागूं नये काय, असा जाब ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विचारला. त्यांच्यावर टीका झाली, तेव्हां १८८५ सालीं जोतीराव फुले 'सत्सार'मध्यें त्यांच्या पाठीशीं उभे राहिले.

आतां देवळाकडे पाहा. सारवणें, फुलें, नैवेद्य हें बाईचें काम. गाभारा आणि दक्षिणा पुरुषाची. शनि-शिंगणापूरच्या चौथऱ्यावर चढावयास बायांना एप्रिल २०१६ उजाडावा लागला, तोही उच्च न्यायालयानें कायदा दाखविल्यावर. जी अधिक देवभोळी, तिलाच देवापासून दूर ठेवावें, हा कोणता न्याय?

हा बाईचा स्वभाव म्हणाल, तर आमच्या ठाणें-पालघरच्या मुलखाकडे पाहा. वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. आगरी घरांतही धवलारणीनें धवले गाऊन लग्न लावावें, अशी चाल आहे. सत्यशोधक समाजानें २५ डिसेंबर १८७३ रोजीं भटावांचून पहिलें लग्न लावलें. तें काम आमच्याकडे निरक्षर बायांनीं आपल्या बोलींत चालविलें. मान दिला कीं बाई धर्माची अधिकारी होते. मान काढून घेतला कीं तिच्या वांट्याला उरतो तो उपास.

आवणी लांबली कीं श्रावणी सोमवार चिखलांतच गांठतो. दिवसभर कंबर वांकवून रोपें लावायचीं, तींही उपाशीपोटीं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांत ५७ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. पुरुषांत शंभरीं २५. याला एकटा उपासच कारण, असें आम्ही म्हणत नाहीं. सर्वांमागून उरेल तें खाणें हेंही आहेच. पण आधींच रक्त कमी, त्यांत पोटांत लेंकरूं, आणि वर उपास, हा कोणता धर्म?

देव सोडा, असें सांगावयास आम्ही आलों नाहीं. उपास धरायचा तर दोघांनीं धरा, नाहीं तर दोघांनीं सोडा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईला उपाशी ठेवूं नका. गांवची धवलारीण थकली असेल, तर सुनालेकींना तिच्यापाशीं धवले शिकायला बसवा, आणि लग्नांत दक्षिणा त्यांच्या हातांत द्या.

निर्मिकानें पोट दोघांना सारखेंच दिलें आहे. मग भूक एकटीनेंच कां सोसावी?