संगणकाचे खेळ आणि दूरचित्रवाणी संच

श्रोतेहो, मुलांच्या खेळासाठी संगणकाला जोडायला दूरचित्रवाणी संच घेणार असाल, तर नुसते इंच मोजू नका. इंच दुकानदार मोजतोच! खरी गोम आहे ती उशिरात. चित्र दाखवण्यापूर्वी संच त्याची सफाई करीत बसतो; त्यात कधीकधी सेकंदाचा दहावा हिस्सा जातो. मुलगा कळ दाबतो, बॅट हलते मागाहून, तोवर त्रिफळा उडालेला! ‘गेम मोड’ लावला, की ही सफाई बरीचशी थांबते. तो आहे ना, हे आधी विचारा. ४के चित्र सेकंदाला १२० वेळा हवे, तर एचडीएमआय २.१ पाहावे, पण संगणकही तसाच दमदार लागतो. नाहीतर ६० पुरे. शिक्षकबंधूंना त्याच पडद्यावर धडे दाखवायचे असतील, तर त्यांनी बारीक तांबडी अक्षरे दुकानातच वाचून पाहावीत. काही संचांवर ती फिसकटतात.