सडपातळ अंगकाठी आणि मधुमेह
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. शाळेत इतिहास-भूगोल शिकविणारा शिक्षक आहे. तरीही आरोग्यावर बोलण्याचे धाडस करतो आहे, त्याचे कारण माझ्या घरातच घडले.

माझे अब्बा शिंपीकाम करीत. उंची पाच फूट तीन इंच, वजन ५८ किलो, हातपाय काटकुळे. "मधुमेह हा गादीवर बसणाऱ्या शेठजींचा रोग, आपल्यासारख्या लुकड्यांना कसला होतोय!" असे ते म्हणत आणि आम्ही मान डोलवीत असू. ५२ व्या वर्षी पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरेना, तेव्हा प्रथमच त्यांचे रक्त तपासले. साखर फार वाढलेली निघाली. अंगठा काढावा लागला. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या कमरेची मापे अब्बांच्या वहीत होती. स्वतःची कंबर मात्र त्यांनी कधी मोजली नव्हती. ती ३६ इंच भरली.

वजनाचे किलो घ्यावेत आणि उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागावे, म्हणजे जो आकडा येतो त्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. हे गणित १९ व्या शतकात बेल्जियमच्या केटले यांनी मांडले आणि त्याचे आजचे नाव १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी रूढ केले. २५ पर्यंत ठीक, ३० च्या पुढे लठ्ठ, ही मोजपट्टी मुख्यतः गोऱ्या लोकांच्या पाहण्यांवरून ठरली. अब्बांचा आकडा २३ च्याही आतला होता. म्हणजे मोजपट्टीच्या लेखी ते उत्तम प्रकृतीचे गृहस्थ!

या कोड्याचा उलगडा आपल्या पुण्यातच झाला आहे. तेथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा आकडा अगदी एक, २२.३. पण यंत्राने तपासले तेव्हा युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजन तेवढेच, पण एकाकडे स्नायू जास्त, दुसऱ्याकडे मेद जास्त. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि आपला व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत गाठणे, अशी कबुलीही याज्ञिकांनी दिली आहे. जन्मावेळी त्यांचे वजन कमी होते, हेही त्यांनी नमूद केले आहे.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. १९९३ साली पुण्याजवळच्या काही खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंत आणि पोटातील अवयवांत पुष्कळच लहान भरली. पण खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी जवळजवळ तेवढीच! दिसायला किडकिडीत, आतून मेदयुक्त, असे हे मूल जन्मतःच असते. असा मेद पुढे पोटात आणि यकृतात साठतो, इन्सुलिनला दाद देईनासा होतो आणि साखर चढते.

आता कोणी म्हणेल, हा दोष अमक्या धर्माच्या, अमक्या खाण्याच्या लोकांचा. तसे नाही. लंडनच्या साउथॉल भागात १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतीय उपखंडातील हिंदू, शीख, मुसलमान या सर्वांत मधुमेह गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळला. उलट न्यूझीलंडच्या माओरी लोकांत तेवढ्याच आकड्याला चरबी गोऱ्यांपेक्षा कमी असते. तरी मधुमेह त्यांच्यातही पुष्कळ आहे. तेव्हा एकट्या चरबीवर सगळे ढकलता येत नाही, हेही सांगून टाकतो.

आपल्यासाठी मोजपट्टी बदलली आहे. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली २३ ला वजन जास्त आणि २५ ला लठ्ठपणा असे ठरविले. त्याहून उपयोगी माप कमरेचे: पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, कारण पोट सुटले की पँट खाली उतरते आणि नंबर तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, फीत सरळ धरून मोजावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेही १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज निघाला. तिशी ओलांडलेल्यांनी, दिसायला कितीही बारीक असोत, उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे. साखर १०० च्या आत असावी. १२६ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना गाठावे.

आणि माता-भगिनींनो, बाळ अशक्त म्हणून शाळेत जाऊ लागल्यावर वेफर्स, बिस्किटे, थंड पेये यांनी त्याला 'भरायचा' प्रयत्न करू नका. दिल्लीच्या एका दीर्घ अभ्यासात (२००४) मोठेपणी साखर वाढलेली बहुतेक माणसे लहानपणी लठ्ठ नव्हतीच. दोन वर्षांची असताना ती बारीक होती आणि मग मात्र त्यांचा आकडा सारखा चढत गेला. त्याला मैदान द्या. स्नायू तेथेच बनतात.

पुण्याच्या त्याच खेड्यांत ज्या गरोदर स्त्रियांच्या आहारात दूध, पालेभाजी आणि फळे वरचेवर होती, त्यांची बाळे मोठी जन्मली. आपल्या घरांत जेवणावळ कशी होते, ते आपण सर्व जाणतो. आधी पुरुष, मग मुलगे, मग उरलेसुरले मुली आणि सुना. माझ्या आईने असेच जेवून आम्हा चौघांना जन्म दिला. माझे जन्माचे वजन कोणी लिहून ठेवले नाही. आज माझी उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, आकडा २३.४ आणि कंबर ९४. माझी मुलगी आठवीत आहे. आता ती आमच्याबरोबरच ताटावर बसते आणि दुधाचा पहिला पेला तिचा असतो. तिच्या आजीला हे अजून पटलेले नाही.

अब्बांची फीत मी सोबत आणली आहे. भाषण संपल्यावर आठवी ब च्या वर्गात बसेन. पुरुषांची मापे मी घेईन, स्त्रियांची मापे शेजारच्या वर्गात आमच्या बाई घेतील.