शस्त्रवैद्य पारे आणि पुण्याजवळचा कुंभार



कामगार संघटनेचा माणूस शस्त्रवैद्यांवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. परंतु आमच्या धंद्यातल्या माणसाचा अर्धा जन्म तुटलेल्या बोटांचा हिशेब करण्यात जातो. १९२३ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, तर्जनी गेली तर १४, मधले बोट गेले तर १२, आणि सबंध हात गेला तर ६०, असा दरच लावून ठेवला होता. जुन्नर-आंबेगावच्या आपल्या पट्ट्यात उसाचे चरक आहेत, गोठ्यागोठ्यातून कडबाकुट्टीची यंत्रे आहेत. बोटे जायला त्यामुळे तोटा नाही. असले कागद चाळता चाळता मला वाटू लागले की, हा अवयव सांधण्याची, निदान माणूस जगवण्याची विद्या मुळात कोणाच्या हातातून आली ते पाहावे. शाळा माझी सातवीला सुटली. पुढची शाळा म्हणजे वाचनालय. तेथे मला दोन माणसे भेटली. एक फ्रान्समधला, एक आपल्या पुण्याजवळचा. विद्यापीठाची पदवी दोघांकडेही नव्हती.

फ्रान्समधला तो आंब्रवाझ पारे. जन्म १५१० च्या सुमाराचा. त्या काळी युरोपात वैद्य म्हणजे लॅटिन जाणणारा विद्वान. तो नाडी पाही, ग्रंथातले वचन म्हणे, पण सुरीला हात लावणे त्याला कमीपणाचे वाटे. कापाकापीचे काम न्हाव्याचे. आपल्याकडे तरी वेगळे काय होते? तुंबड्या लावायच्या, गळू फोडायचे, तर बोलावणे न्हाव्यालाच. पारे हा असाच न्हावी-शस्त्रवैद्याच्या हाताखाली शिकलेला उमेदवार. लॅटिन त्याला येत नव्हते. पॅरिसच्या मोठ्या धर्मार्थ रुग्णालयात त्याने तीन वर्षे काढली आणि मग फौजेबरोबर इटलीच्या स्वारीवर गेला. साल १५३६-३७.

बंदुकीची जखम विषारी असते, असे त्या वेळच्या ग्रंथात लिहिलेले होते. म्हणून जखमेत उकळते तेल ओतायचे. पारेनेही तेच चालवले. एके दिवशी जखमी इतके आले की तेल संपले. तेव्हा त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन एकत्र घोटून त्याच्या पट्ट्या बांधल्या. त्या रात्री त्याला झोप आली नाही. ज्यांना तेल मिळाले नाही ते विषाने मेलेले सापडणार, ही धास्ती. पहाटेच उठून तो बघतो तो काय, पट्ट्या बांधलेले शांत पडलेले, सूज बेताची. आणि तेल ओतलेले तापाने फणफणलेले, वेदनेने तळमळणारे! त्याने ते उकळते तेल कायमचे सोडले. ग्रंथ एक सांगतो आणि समोरचा शिपाई दुसरे सांगतो, अशा वेळी त्याने शिपायाचे ऐकले. १५४५ साली त्याने या जखमांवर पुस्तक लिहिले, आणि ते लिहिले साध्या फ्रेंच भाषेत.

पुढे पाय किंवा हात कापल्यावर रक्त थांबवण्यासाठी लाल तापलेल्या लोखंडाने डाग देण्याऐवजी तो रक्तवाहिनी दोऱ्याने बांधू लागला. ही कल्पना त्याच्याआधी कोणाला सुचलीच नव्हती असे नव्हे. अवयव कापताना ती रीतसर वापरायला लागला तो पारे. दोरा बांधायला मदतनीस फार लागत, म्हणून ती रीत सगळीकडे रुळायला पुढे दीडदोनशे वर्षे गेली. ज्यांचे हातपाय कापले त्यांच्यासाठी त्याने कृत्रिम हातपाय करवले. लोखंडी हाताच्या आत दातेरी चाके आणि स्प्रिंगा. ते घडवणारा होता पॅरिसमधला एक कुलपे करणारा कारागीर, आणि पारेने आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. मला हे फार मोलाचे वाटते. चार राजांची सेवा केलेला शस्त्रवैद्य एका लोहाराचे ऋण मान्य करतो! आपल्याकडे इमारतीच्या कोनशिलेवर उद्‌घाटन करणाऱ्याचे नाव असते, गवंड्याचे नसते.

१५७५ साली त्याचे समग्र ग्रंथ निघाले तेव्हा पॅरिसच्या विद्वान वैद्यांनी काहूर उठवले. आमच्या परवानगीवाचून वैद्यकावर लिहिणारा हा कोण? आणि तेही लॅटिन सोडून! ग्रंथ खपले ते खपलेच. १५९० साली पारे वारला.

आता दोनशे वर्षे ओलांडून पुण्याला येऊ. इंग्रज, मराठे व निजाम एकीकडे आणि टिपू दुसरीकडे, अशी लढाई १७९२ साली संपली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक गडी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. इंग्रजी वृत्तांतात त्याचे नाव कावसजी असे आहे. नाव पारशी वाटते, पण वृत्तांत त्याला मराठा शेतकरी म्हणतो. साहेबाच्या कानांनी कसेही ऐकले असेल. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. तो माणूस विटा करणाऱ्या जातीचा, एवढेच वृत्तांतात आहे. आपल्याकडे विटा भाजणारा तो कुंभार, म्हणून मी त्याला कुंभार म्हणतो.

हे काम कसे होई ते मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी, क्रूसो आणि फिंडले यांनी, डोळ्यांनी पाहिले. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवून घ्यायची. पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. सगळी किमया त्या पट्टीत आहे! तिच्यातून रक्त वाहत राहते, म्हणून कातडी मरत नाही. जुन्या नाकाची कड खरडून ताजी करायची, भोवती खाच घ्यायची, कपाळाची कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणायची आणि कड त्या खाचेत बसवायची. टाका नाही. आपण विड्यात घालतो तो कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर थापायचा आणि पाचसहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले फडके. पाचसहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ चिंध्या, म्हणजे भोके बुजत नाहीत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती डोळ्यांमधली पट्टी कापायची. झाले नाक.

चिखलाला आकार देणाऱ्या बोटांनाच मेणाचा पत्रा सुचावा, यात मला नवल वाटत नाही. हे कौशल्य इतके मुरले कसे, तेही ध्यानात घ्यावे. त्या काळी नाक कापणे ही शिक्षा होती, सूड होता. संशयाने बायकोचे नाक कापणारे नवरेही होते. दुखणाईत मुबलक, म्हणून हात बसलेला. पारेला जे रणांगणाने शिकवले ते याला आपल्या समाजाच्या क्रौर्याने शिकवले.

जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ही हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या लंडनच्या शस्त्रवैद्याने आधी मृतदेहांवर हात बसवला, १८१४ साली एका लष्करी अधिकाऱ्यावर तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक काढले. तेथून ती सगळ्या युरोपात गेली. आजही नाक नव्याने घडवताना कपाळाचीच कातडी वापरतात, आणि पट्टीही तशीच जोडलेली ठेवतात.

अशा वेळी आपले वक्ते सुश्रुताचे नाव घेऊन छाती फुगवतात. सुश्रुताचा मान मोठाच आहे. पण त्याच्या संहितेत नाक करायला गालाची कातडी सांगितली आहे आणि हा कुंभार कपाळाची घेत होता. म्हणजे मधल्या शतकांत कोणी तरी, कोठे तरी, हाताने काम करता करता रीत बदलली. पोथी ज्यांच्या ताब्यात होती त्यांनी ती सुधारणा टिपून ठेवली नाही, आणि ज्यांनी केली त्यांना अक्षर शिकू दिले नव्हते. आपल्या जुन्नरचा हातकागद पेशवाईत नावाजलेला होता. कागद येथे होता, हात पुण्याजवळ होते, आणि हकीकत छापली गेली लंडनला! त्या हकिकतीत दोन डॉक्टरांची नावे आहेत, रोग्याचे आहे. करणाऱ्याची फक्त जात आहे. पारे आणि तो, यांच्यात कौशल्याचा फरक मला दिसत नाही. पारेने आपल्या बोलीत लिहिले, आणि लिहिलेले छापता आले, एवढाच फरक.

कावसजीला कंपनीने पेन्शन दिले. नाक मिळाले, हात मात्र गेला तो गेलाच, कारण पारेच्या त्या लोहारासारखा कोणी त्याला भेटला नाही. आजच्या कायद्यात हाताला ६० टक्के आणि चेहरा अतिशय विद्रूप झाला तर १०० टक्के धरतात. कावसजीला नाक आधी का हवे होते ते यावरून कळावे.

आजचा शस्त्रवैद्य सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवतो. १९६५ साली जपानमध्ये पूर्ण तुटलेला अंगठा जोडून दाखवला गेला आणि आता आपल्या मोठ्या शहरांतही बोटे जोडली जातात. परंतु त्यासाठी बोट नीट यावे लागते. कडबाकुट्टीत बोट गेले तर त्यावर हळद, राख, चुना काही लावू नका. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट उघडे बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि वेळ न दवडता निघा. आणि मजुरीवर असताना झाले असेल तर त्याच दिवशी कोणाकडून तरी लिहवून घ्या. यंत्र कोणते, वेळ कोणती, शेजारी कोण उभे होते, कामावर कोणी ठेवले होते. भरपाईच्या दाव्याला मुदत दोन वर्षांची असते. पण दोन वर्षांनी साक्षीदाराला काही आठवत नाही, आणि मालकाला तर जखमी माणूस आपल्याकडे कामाला होता हेच आठवत नाही.