फुलांच्या दरीत

गढवालमधील भ्यूंदर खोऱ्यात मी फुले शोधीत शिरलो. घटकाभरात पाऊल कोठे ठेवावे हेच शोधू लागलो. १९३१ साली कामेत शिखर सर करून परतणारा फ्रँक स्माइथ सहकाऱ्यांसह येथे उतरला होता. १९३७ साली तो पुन्हा आला, तो फुलांसाठीच.

निळ्या अफूच्या फुलाला हौसेने हात लावावयास गेलो, तो देठाचे काटे बोचले. एवढ्या नाजूक पाकळ्यांना असला कडक पहारा! पलीकडे हिरवट-जांभळी, टोपीसारखी फुले डुलत होती. वाटाड्या म्हणाला, "हा अतीस." म्हणजे आपल्या बाळगुटीतील अतिविष! आईने सहाणेवर उगाळलेल्या त्या मुळीचे रोप मी जन्मात प्रथमच पाहत होतो.

दगडांच्या राशीतून एक पाइका डोकावला. हा सशाचाच भाऊबंद. कान मात्र गोल, आणि शेपूट दिसतच नाही. मला नीट निरखून तो आत गेला. कस्तुरीमृगाने दर्शन दिले नाही. त्याच्या जातीवर माणसाने जे ओढवले आहे ते पाहता त्याचेच बरोबर.

१९८२ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, मेंढ्यांची चराई थांबली. पुढे पॉलिगोनमचे उंच रान माजले. चराई थांबल्यामुळेच ते माजले की काय, यावर जाणकारांत मतभेद आहेत. वनखाते ते उपटीत असते. वाटाड्याचे आजोबा येथेच मेंढ्या चारीत. तो म्हणाला, "साहेब, मेंढ्या होत्या तेव्हाही फुले होतीच ना?"

दरीत मुक्कामास मनाई आहे. घांगरियापर्यंत आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.