गाठ आणि सुई

गाठीला सुई लागली की ती पसरते, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. एरवी इंजेक्शनला न डरणारी माणसेही येथे बिचकतात आणि मोलाचे महिने दवडतात. सुईने गाठीतील पेशी ओढून तपासण्याची रीत न्यूयॉर्कच्या मार्टिन व एलिस यांनी १९३० साली प्रसिद्ध केली. आज सोनोग्राफीच्या किंवा सीटी स्कॅनच्या पडद्यावर सुईचे टोक न्याहाळीत डॉक्टर थेट यकृतातील गाठीपर्यंत पोहोचतात. भूल बहुधा तेवढ्या जागेपुरतीच. सुईच्या वाटेने रोग पसरणे विरळाच. जेथे ते भय खरे, उदाहरणार्थ वृषणाच्या गाठीत, तेथे डॉक्टरच सुई टाळतात. यकृतातील ३ सेंटिमीटरांपर्यंतची कर्करोगाची गाठ तर पुष्कळदा अशाच सुईतून विद्युत्प्रवाहाची उष्णता देऊन जागीच जाळता येते. मोठ्या गाठीच्या कडांपर्यंत मात्र ती उष्णता पुरत नाही.